कानोसा

मका तहानला की ओरडतो, असं धामणखेड्यात एखाद्या साध्या माणसानं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला देवऋष्याकडे नेलं असतं. पण हे सांगायला जीपमधून माणसं आली. त्यांच्याकडे पडदा होता, कर्णा होता, आणि प्रज्ञा कांबळे नावाची बारीक चणीची, ठाम बोलणारी कृषिशास्त्रज्ञ होती. म्हणून गावानं ऐकून घेतलं. या गोष्टीला आता सात वर्षं झाली, आणि गावात कोणाला त्याचं नवल उरलेलं नाही.

मक्याच्या ताटात मुळापासून पानापर्यंत केसाहून बारीक नळ्या असतात. पान उन्हात पाणी उडवतं आणि त्या ओढीनं नळीतला पाण्याचा धागा वर खेचला जातो. जमिनीत ओल असेतो धागा सलग राहतो. ओल सरली आणि वरची ओढ तशीच राहिली, की धागा ताणला जातो आणि शेवटी तुटतो. तुटल्या जागी हवेचा बुडबुडा धरतो आणि टक् असा आवाज होतो. हा आवाज इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला तो लागत नाही. ताटाच्या दुसऱ्या पेराला चिकटवलेली रुपयाएवढी चकती मात्र तो ऐकते. गावानं तिचं नाव टिकली ठेवलं, आणि टिकल्या, ड्रोन, तलावातली मोजपट्टी, पाइपावरचे व्हॉल्व्ह अशा सगळ्या कारभाराचं नाव कानोसा.

पहिल्या वर्षी हौसेनं प्रत्येक शेतात तो आवाज खालच्या पट्टीत आणून ऐकवणारा कर्णा लावला होता. माघातल्या उन्हात अठ्ठ्याहत्तर शेतं मोहरीसारखी तडतडायला लागली. बायकांना घास गिळवेना. कडुबा गव्हाणेच्या बायकोनं तर पिण्याच्या पाण्याच्या घागरी नेऊन मक्याच्या मुळाशी ओतल्या. दुसऱ्या वर्षी कर्णे काढून टाकले. ऐकायचं यंत्र राहिलं ते एकट्या कौतिक साबळेच्या कानात, कारण टिकल्या बदलणं आणि फिल्टर धुणं हे त्याचं काम होतं.

कौतिक तिसऱ्या पिढीचा पाटकरी. पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या वाफ्यात पाळीनं सोडायचं, कोणाचं मिनिटभर जास्त होऊ द्यायचं नाही, हा त्याच्या घरचा धंदा. बाप गोविंदा पाटकरी एकच नियम मानायचा: टेलचं पहिलं. म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या शेताला पहिलं पाणी, मग वर वर येत तलावाजवळच्याला शेवटी. वरच्याला आधी दिलं की तो खालच्याला विसरतो. खालच्याला आधी दिलं की वरचे सगळे आपली पाळी येईपर्यंत पाटाची राखण करतात. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला नियम होता तो, आणि त्यापायी धामणखेड्यात पाण्यावरून कधी डोकं फुटलं नव्हतं.

याच नियमाच्या भरवशावर गोविंदानं आपल्या लेकीला, गयाला, टेलची दोन एकरं दिली होती. सत्ताविसाव्या वर्षी ती कुंकू पुसून माहेरी आली तेव्हा बाप म्हणाला होता, "माझ्या लेकीला पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं पाहावं लागणार न्हाई." तेव्हा गावात त्याहून चांगली जमीन नव्हती.

पाटाचा पाइप झाला, आणि तेच शेत सगळ्यांत वाईट ठरलं. पाइपाच्या शेवटाला दाब कमी, जमीन मुरमाड, ओल टिकत नाही. कानोसाला टेल कळत नव्हतं आणि गोविंदा पाटकरीही कळत नव्हता. हजार लिटर पाणी कुठं टाकलं तर जास्तीत जास्त दाणा भरेल, एवढंच त्याला कळायचं. तलाव तर दरसाल आटत चाललेला. म्हणून गावच्या पाणीवापर संस्थेनं ठराव केला होता: लागोपाठ दोन हंगाम जे शेत कानोसाच्या पाण्याच्या यादीबाहेर राहील, किंवा पाणी घेऊनही दाणा भरणार नाही, त्याचा व्हॉल्व्ह कायमचा बंद. टोपी बसवायची, सील ठोकायचं. पुढं त्या जमिनीत कुसळं उगवोत नाहीतर दगड.

गया आक्का गेल्या वर्षी यादीबाहेर होती. यंदा दुसरं वर्ष.

*

पेरणीला पस्तीस दिवस झाले तेव्हा प्रज्ञानं समाजमंदिरात सभा घेतली. तलावात यंदा एकच शेवटचं पाणी उरणार होतं, तेही यादीतल्या पहिल्या एक्केचाळीस शेतांनाच.

"यंदा युरिया निम्मा द्यायचा," ती म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरायचे. सगळ्यांनी सारखंच नत्र दिलं की माझं काम सोपं होतं. सारख्या नत्रात जे शेत ड्रोनला जास्त हिरवं दिसेल, त्याचं मूळ चांगलं आहे असं कानोसा धरेल आणि त्याचं नाव यादीत वर घेईल."

कौतिक मागच्या भिंतीला टेकून बसला होता. त्यानं ऐकलं सगळं, पण धरलं तेवढं शेवटचं. हिरवं दिसेल त्याचं नाव वर.

त्याच्या शेजारी कडुबा होता. दोघं एका बाकावर शिकलेले, एका दिवशी शाळा सोडलेले. पगार कौतिकला मिळायचा, पण रोज सकाळी पाइपाच्या कडेनं तलावापासून टेलपर्यंत चक्कर मारायला कडुबाही असायचा. नाकासमोर चालणारा माणूस. निम्मा युरिया म्हणजे निम्मा. तो घरून वजनकाटा घेऊन शेतात जायचा आणि चार हप्त्यांत मापून द्यायचा. तोही गेल्या वर्षी यादीबाहेर होता.

चाळिसाव्या दिवशीच्या पाळीला कौतिक टेलच्या शेतात गेला, तेव्हा त्याच्या स्कूटरवर दोन गोण्या होत्या. पडद्यावर आक्काचा नंबर चव्वेचाळीस होता आणि रेघ एक्केचाळीसला पडणार होती.

आक्का ठिबकच्या खताच्या टाकीपाशी उभी राहिली. "मॅडमनं निम्मंच सांगितलं ना रे?"

"मॅडम पुस्तकातलं सांगती, आक्का. ड्रोन वरून पाहू राह्यला. त्याला हिरवं दिसलं पाहिजे."

"आन् दुसऱ्यांचं?"

"दुसऱ्यांचं दुसरे पाहतील."

आक्कानं टाकीचं झाकण उचललं. "तू पाटकरी हाय. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली, आणि काठीनं पाणी ढवळायला लागली.

चाळीस वर्षं पाण्यात घालवलेल्या माणसाला पाण्याची नस न् नस माहीत असते. पण पाणी पानात शिरल्यावर पुढं काय करतं, हे कौतिकनं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं काम वाफ्याच्या तोंडाशी संपायचं. युरिया टाकला की पीक तरारतं आणि तरारलेलं पीक कोणी मरू देत नाही, एवढ्या शहाणपणावर त्यानं बापाच्या नावाला बट्टा लावला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

*

पंचावन्नाव्या दिवशी यादी लागली. आक्काचा मका तोवर काळपट हिरवा झाला होता. पानं हातभर रुंद, शेजारच्या शेतांत उठून दिसणारी. प्रज्ञानं यादी वाचली. गयाबाई साबळे, अडतिसावा नंबर. टाळ्या पडल्या. मुरमाड जमिनीत एवढं मूळ धरलं म्हणून ती आक्काकडे पाहून हसलीसुद्धा.

एक्केचाळिसाव्यापाशी ती थांबली. तिथून पुढची नावं नुसती पडद्यावर होती. कडुबा गव्हाणे, बेचाळीस.

आदल्या दिवशीपर्यंत तो एक्केचाळीस होता. कौतिकनं पडद्यावरचे दोन्ही नंबर पुन्हा पाहिले. आक्काचं नाव वर सरकेल एवढंच त्याच्या डोक्यात होतं. वर सरकायला कोणाला तरी खाली ढकलावं लागतं, आणि ते कोण असेल, हे त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं. विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं, हे खरं.

कडुबा पडद्यापाशी जाऊन आला. "एकानं राह्यलं," तो म्हणाला. मग पायताण घालत पुन्हा म्हणाला, "एकानं राह्यलं बघ, कौतिक."

"व्हय," कौतिक म्हणाला.

यादी लागली की कानोसा ती बदलत नसे. रोज बदलली तर गावात हाणामाऱ्या होतात, हा पहिल्या वर्षाचा अनुभव. बदलायचा अधिकार एकट्या प्रज्ञाला होता, तोही सबळ कारण असेल तर आणि पाणी सुटायच्या आधी. पाणी सुटणार होतं साठाव्या दिवशी.

अठ्ठावन्नाव्या दिवशी दुपारी कौतिक टिकल्या तपासत टेलला आला. कानात यंत्र होतं. आक्काच्या बांधावर पाय ठेवला आणि तो जागीच थांबला. तडतड सुरू झाली होती. अजून चार दिवस तरी व्हायला नको होती. बाकीची शेतं शांत होती. कडुबाच्या शेतातून तर तो आताच आला होता. तिथं मका कमरेच्या थोडा वर, पानं अरुंद, फिकी, आणि कानात आवाज असा नाहीच.

त्यानं प्रज्ञाला फोन लावला.

"मॅडम, नुसतं विचारतो. युरिया जास्त झाला तर मका लवकर तहानतो का?"

"काका, मी सभेत तेच तर सांगत होते. नत्र मिळालं की रोप पानं मोठी करतं. पान म्हणजे पाणी उडवायचं तोंड. तोंडं दुप्पट झाली आणि ओल तेवढीच राहिली, तर ती निम्म्या दिवसांत सरते. आणि नेमका आता तुरा येणार. मक्याचं वाईट असं आहे, की तहान लागली तरी तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस मागं राहतात. तुऱ्यातले पराग पाच-सहा दिवसांत झडून जातात. केस बाहेर येतात तेव्हा वर काहीच उरलेलं नसतं. एकेक केस म्हणजे एकेक दाणा आहे, काका."

"मग अशा शेताला हे पाणी दिलं तर?"

"पुरणार नाही. त्याला दोन पाणी लागतील आणि आपल्याकडे एकच आहे. असं एखादं शेत सापडलं तर मी ते काढून खालच्या नंबरला देईन. निदान ते तरी पूर्ण पिकेल." मग तिनं विचारलं, "कोणाच्या शेतात उभे आहात?"

बांधाच्या पलीकडे आक्का वाकून तण काढत होती. साठी उलटलेली बाई, अजून उन्हाला पाठ द्यायची नाही. तिनं मान वर करून भावाला हात केला.

"कुणाच्याच न्हाई," कौतिक म्हणाला. "असंच इचारलं."

त्यानं फोन खिशात टाकला आणि स्वतःची समजूत घातली. मॅडम सगळं यंत्रावर बोलते. एक पाणी म्हणजे काही थोडं नसतं. एखादा ढग येईल. थंडी पडेल. जानेवारीत थंडी पडायला काय झालं? गावात सहा वर्षं जानेवारीत थंडी पडली नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

*

साठाव्या दिवशी पाणी सुटलं. आक्काच्या शेतातली तडतड थांबली आणि कौतिकला हायसं वाटलं. तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं.

चौथ्या दिवशी संक्रांत होती. तो तिळगूळ घेऊन टेलला गेला. मक्याला तुरे आले होते, सगळ्या शेतावर पिवळट धूळ उडत होती. आक्काच्या डोक्यावरच्या पदरावरही ती पडली होती. कानातलं यंत्र पुन्हा तडतडायला लागलं होतं.

"गोड बोल," आक्का म्हणाली आणि त्याच्या हातावर लाडू ठेवला. "काय आवाज येतो रे तुझ्या कानात?"

"काही न्हाई. मोटारीचा घुमतो."

तिनं एका कणसाला हात लावला. "तुरे तर झडाया लागले. केस काहून दिसेनात?"

कौतिकनं तीन ओळी पाहिल्या. एकाही कणसाच्या तोंडाशी केस नव्हते. लाडू अर्धाच खाऊन उरलेला त्यानं खिशात टाकला.

घरी जाताना तो कडुबाच्या शेताकडून गेला. तिथं तुरा आणि केस एकदमच आले होते, पोपटी, ओलसर, रेशमाच्या लडीसारखे. जेवढं अंथरूण तेवढेच पाय पसरलेलं ते पीक. एका पाण्यात पिकलं असतं. पण ते एक पाणी आलंच नव्हतं, आणि आता तिथंही टक् टक् सुरू झाली होती. कौतिकनं यंत्र कानातून काढून खिशात ठेवलं. त्यानं काही फरक पडला नाही. एकदा ऐकलेलं ऐकू येतच राहतं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही शेतं शांत झाली. आधी आक्काचं, मग कडुबाचं. नळ्यांत तुटायला धागाच उरला नाही की टिकलीला ऐकण्यासारखं काही राहत नाही.

कणीस भरलं की नाही हे पाहायची एक साधी युक्ती प्रज्ञानं सगळ्यांना शिकवली होती. कणीस तोडायचं, पाला सोलायचा आणि खाली धरून झटकायचं. ज्या केसाला पराग मिळाला, त्याचा दाणा धरतो आणि केस गळून पडतो. ज्याला मिळाला नाही, तो चिकटून राहतो. आक्काला ही युक्ती फार आवडली होती. तिनं कौतिकच्या देखत एक कणीस सोललं आणि झटकलं.

एकही केस पडला नाही. तिनं दुसरं झटकलं, तिसरं झटकलं. दहावं झाल्यावर ती बांधावर बसली. सोललेल्या कणसांचे केस सगळे जागच्या जागी होते, विंचरून ठेवल्यासारखे.

"यादीत नाव होतं ना रे?" ती म्हणाली.

"होतं."

"पाणी भेटलं ना?"

"भेटलं."

"मग?"

तेव्हा कौतिकनं तिला सगळं सांगितलं. युरियाचं, यादीचं, फोनचं. आक्का ऐकत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कडुबाला ठावं हाय का?"

*

फेब्रुवारीच्या अखेरीस संस्थेनं कौतिकच्या हातात दोन लोखंडी टोप्या आणि शिशाची दोन सीलं ठेवली. व्हॉल्व्ह बंद करणं हेही पाटकऱ्याचंच काम. एक बेचाळीस नंबरचा, दोन हंगाम यादीबाहेर. एक अडतीस नंबरचा, पाणी घेऊन दाणा न भरलेला. प्रज्ञानं अहवालात कारण लिहिलं होतं, 'जमीन अयोग्य'. तिला खरं कारण कळलं नव्हतं, आणि पाणी सुटल्यावर यादी बदलता येत नसल्यानं आता सांगून कोणाचंच शेत परत येणार नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, धुपाटणं तेवढं कौतिकच्या हाती आलं.

सकाळी कडुबा नेहमीप्रमाणे पंपापाशी उभा होता. कौतिकच्या पिशवीतला पान्हा वाजला तसा त्यानं पिशवीकडे पाहिलं. दोघं चालायला लागले. कडुबाच्या व्हॉल्व्हपाशी आल्यावर कौतिकनं पिशवी खाली ठेवली.

"कडुबा, आक्काच्या शेतात मी तिप्पट युरिया सोडला होता. तुझं पाणी मी नेलं."

कडुबानं पाइपावरची धूळ पंजानं पुसली.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"यादी लागायच्या आधीपासून. रोज तुझ्यासंगं तिथून जातो, मला काय पानं दिसत न्हाईत? निम्म्या युरियावर तसा रंग येत न्हाई."

"मग मॅडमला काहून न्हाई सांगितलं? तुझं शेत राह्यलं असतं."

"सांगणार होतो. निघालोबी होतो." कडुबा खाली बसला. "मग वाटलं, दोघांतलं एक तरी पिकंल. गयाचं तर गयाचं. तिला दुसरं काय हाय? मला वाटलं, तू पाटकरी हाय, तुला बरोबर कळत असंल."

कौतिक त्याच्या शेजारी बसला आणि रडला. छप्पन्न वर्षांच्या माणसानं उघड्यावर रडू नये असं तिथं मानतात, पण कडुबानं त्याला थांबवलं नाही. समोर वाळलेला मका उभा होता. वारा आला की पानं कागदासारखी वाजत होती, आणि ते ऐकायला कानात काही घालावं लागत नव्हतं.

बऱ्याच वेळानं कौतिकनं पान्हा काढला, तसा कडुबानं त्याचा हात धरला. "आधी टेलला जाऊ. ती वाट पाहत असंल."

आक्का खरोखरच वाट पाहत होती. रिकामा मका कापून तिनं गुरांच्या चाऱ्यासाठी पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. कपड्यांचं एक गाठोडं तिच्या शेतातल्या घराच्या दाराशी होतं. उद्या ती लेकीकडे जाणार होती, लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात. व्हॉल्व्हभोवतालचं गवत तिनं काढून जागा साफ केली होती.

"कडुबाचं झालं?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून," कौतिक म्हणाला.

"बरं केलं. बाबा म्हणायचे, टेलचं पहिलं. मग माझंच आधी लाव."

कौतिकनं टोपी बसवली. आटे गंजले होते, ती फिरेना. तेव्हा आक्कानं पाइप दोन्ही हातांनी धरला, कडुबानं पान्ह्याच्या दांड्याला हात दिला, आणि तिघांनी मिळून ती आवळली. सील ठोकल्यावर कौतिकच्या फोनवर नोंद आली. नकाशात टेलचं शेत हिरवं झालं होतं. खाली लिहिलं होतं, 'ताण शून्य'.

आक्कानं पदराला हात पुसले आणि दाराला कडी घातली. मग तिघंही कडुबाच्या शेताकडे निघाले.